टोपीतली जमीन

"राजा आपल्या माणसाला उघड्यावर टाकत नाही, मेही."

न्यूयॉर्कचा धक्का सुटला तेव्हा गलबतावर नवरा जोसाया असं म्हणाला होता. मेहिटाबलच्या कानात तो आवाज आठ वर्षांनीही शिडासारखा फडफडायचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू धरली म्हणून शेजाऱ्यांनी त्यांचं घर पेटवलं होतं. राजाने दूर उत्तरेला, सेंट जॉन नदीकाठी घराच्या बदल्यात एक तंबू दिला. पहिल्याच हिवाळ्यात, नदीवरचा बर्फ फुटायच्या आत, त्या तंबूत जोसाया वारला.

वसंतात जमिनी वाटल्या. चिठ्ठ्या टोपीत, ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. विधवेने टोपीत हात घालायचा नाही, अशी रीत पडली होती. म्हणून धाकटा दीर गिडियन पुढे झाला. आधी वहिनीच्या नावाने चिठ्ठी काढून उजव्या मुठीत धरली, मग आपल्या नावाने काढून डाव्या मुठीत. बाजूला जाऊन दोन्ही वाचल्या. परत आला आणि वहिनीपुढे एक मूठ उघडली.

तिला खडकाळ टेकाड मिळालं, त्याला नदीकाठचं कुरण.

 दर हिवाळ्यात गिडियनच्या घरून मेहिटाबलला बटाटे यायचे, आणि ज्याचे बटाटे तोंडात, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

आता सरकारी माणूस पाहणीला आला होता. जमीन लागवडीखाली आली नसेल तर सरकारजमा, असा कायदा.

"बाई, इथे पेरलंत काय?" त्याने बुटाने एक धोंडा हलवून पाहिला.

"पेरायला लागत नाही, साहेब. दर वसंतात आपोआप वर येतात. मागच्या सालापेक्षा यंदा मोठे आलेत."

साहेब हसला, पण वहीत तिच्या नावावर रेघ मारायला लेखणी उचललीच.

गिडियन मायेने म्हणाला, "जाऊ द्या हो वहिनी. दगडाशी किती झगडाल? माझ्या चुलीमागे खोली रिकामी आहे. गाईंना तुमच्या हाताची सवय होईल."

चुलीमागची खोली. त्याच्या कुरणातल्या गाई. जन्मभर.

"यांची चिठ्ठी तुम्हीच काढली होती ना?" साहेबाने सहज विचारलं.

"मीच. काय करणार, देवाने दिलं ते घेतलं."

मेहिटाबलने खाली पाहिलं. ओंजळभर माती दगडांच्या फटीतून डोकावत होती, आठ वर्षं तिने बोटांनी जमवलेली. राजाने टाकलं, ते दूरचं होतं. हा तर जोसायाच्याच पाठचा भाऊ.

"देवाला मध्ये आणू नका, भावोजी," ती हळूच म्हणाली. "माझी चिठ्ठी तुमच्या उजव्या मुठीत होती. तुम्ही डावी उघडलीत. मी पाहत होते."