दोन हात, दोन डब्या

त्या रविवारी घानातल्या टेचिमानच्या बाजारामागच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे पाद्री, ओसोफो देंचिरा, यांनी चार वर्षांच्या पोकुआचे हात वर धरले आणि ते कर्ण्यातून गरजले, "महिन्यापूर्वी ही पोर इसबानं सोलून निघाली होती. आता बघा!"

हात गुळगुळीत होते. बायकांनी ओढण्या फडकवल्या. पोकुआची आई सेरवा, माझी धाकटी बहीण, हुंदके देत होती. मीही टाळ्या पिटल्या, खोटं कशाला सांगू? खाजवून खाजवून चादर रक्ताळणारी माझी भाची आता शांत झोपत होती.

"मी दिलेल्या मलमात काही नाही," ओसोफो म्हणाले. "ते शिआच्या झाडाच्या बियांचं साधं लोणी आहे. बरं करते ती माझी प्रार्थना!"

पुढे मात्र डबी संपली की इसब दुप्पट जोरानं उठायचं. ओसोफो म्हणायचे, "सेरवा, तुझ्या श्रद्धेत खोट आहे," आणि नवी डबी द्यायचे. हळूहळू पोकुआच्या कोपराची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली, गाल सुजले. मग मीच तिला आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या सिस्टर आफ्रिये यांनी कोपर उजेडात धरलं. "शिआच्या लोण्यानं असं होत नाही. यात काय आहे?"

"प्रार्थना," सेरवा म्हणाली.

"मग प्रार्थनाच तपासू."

पुढच्या रविवारी सिस्टर मांडवात आल्या. बाजारातून आणलेलं शिआचं लोणी त्यांनी पुढे केलं. "ओसोफो, तुमच्याच तोंडचं आहे, मलमात काही नाही. मग यावरही प्रार्थना करा ना."

सगळी माणसं बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. ओसोफोंनी घाम गाळत अर्धा तास प्रार्थना केली.

सिस्टरनी ते लोणी आणि ओसोफोंचं मलम एकसारख्या डब्यांत भरलं, वर एक आणि दोन असे आकडे घातले. कुठल्या डबीत काय, हे फक्त त्यांनाच ठाऊक. सेरवानं एक नंबर डाव्या हाताला लावायची, दोन नंबर उजव्या. "थोडंसंच. आणि आठवडाभरच," सिस्टरनी बजावलं.

आठवड्यानं मांडवात पाहिलं, तर डावा हात स्वच्छ झाला होता. उजवा थोडा मऊ पडला होता, पण लालच.

"उजव्या हातात चेटूक शिरलंय," ओसोफो तत्काळ म्हणाले.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "डब्यांची अदलाबदल करू."

आणखी आठवडा गेला. उजवा हात स्वच्छ, डावा पेटलेला.

"चेटूक रस्ता ओलांडून पलीकडे गेलं वाटतं," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि मांडव हसला. ओसोफोंच्या तोंडावर हसू आलं नाही.

प्रार्थना दोन्ही डब्यांवर झाली होती, गुण मात्र एक नंबरचाच; त्या डबीचा, म्हणजे ओसोफोंच्या मलमाचा, नमुना सिस्टरनी प्रयोगशाळेत पाठवला होता. उत्तर आलं, ते त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. शिआच्या लोण्यात गोरं करणारं, बाजारात चोरून विकलं जाणारं अतिशय कडक स्टिरॉइड मलम मिसळलेलं होतं.

"म्हणजे औषधच होतं?" सेरवानं विचारलं.

"औषधच. चार दिवसांत इसब दबतं, म्हणून चमत्कार दिसतो. पण लपवून, मापाशिवाय, महिनोन्‌महिने लावलं की कातडी झिजते, आणि बंद केलं की इसब उसळतं."

"माझ्या पोरीला मीच लावलं, सिस्टर."

"यात औषध आहे असं तुला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग तुझी चूक नाही."

ओसोफो मागच्या वाटेनं निघून गेले. त्यांचा कर्णा मात्र तिथंच राहिला.

पोकुआला आता रोज आंघोळीनंतर शिआचं साधं लोणी लावतात, आणि इसब फार भडकलं तर सिस्टरनी दिलेलं सौम्य मलम, मोजून, थोडे दिवस. इसब पूर्ण गेलेलं नाही. पण पोर खेळते, गालांची सूजही उतरलीय.

ओसोफो निघून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राबाहेर रांग लागली. "सिस्टर, तुमची ती चमत्कारी डबी द्या!"

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अहो, माझ्यावरही असा आंधळा विश्वास ठेवू नका! मलम कुणीही देवो, ओसोफो देवो नाहीतर मी, आधी विचारा, यात काय आहे? किती दिवस लावायचं? थांबवलं तर काय होईल? जो उत्तर देत नाही, त्याची डबी त्याला परत करा."