रोजचे ऐंशी

तिने वाळवणीच्या खोलीतल्या खुंट्या तिसऱ्यांदा मोजल्या. एकेका खुंटीवर एकेक पृथ्वीगोल, अंगाला अजून ओल्या खळीचा वास. एकशे वीस. आधी दोनदा मोजल्या तेव्हाही एवढ्याच भरल्या होत्या, पण उत्तर इतकं साधं असेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता. ती जवळजवळ धावतच बाहेर आली.

"दादा, नवी माणसं घेऊ नकोस! घोडं चिकटवण्यात अडलेलंच नाही."

दादा फोनभोवती घिरट्या घालत होता. शाळांसाठी चोवीसशे पृथ्वीगोल, तीस दिवसांत. बाबांनी उभारलेल्या या चिमुकल्या कारखान्याकडे एवढी मोठी मागणी कधी आली नव्हती. घेणार की नाही, ते उद्या दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. म्हणून तर एका मोठ्या कंपनीत उत्पादनाचं नियोजन पाहणाऱ्या धाकट्या बहिणीला त्याने रजा काढायला लावून बोलावून घेतलं होतं.

"आपल्याला रोज ऐंशी हवेत," ती म्हणाली. "एक गोळा वाळायला दोन दिवस घेतो. खुंट्या एकशे वीस. म्हणजे रोज बाहेर पडणार साठ. टेबलाशी पन्नास जणी बसव, तरी साठच."

दादा जागीच थांबला. "म्हणजे मी इतकी वर्षं चिकटमावशींच्या मागे लकडा लावला, तो..."

"फुकट," चिकटमावशी टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या. नकाशाच्या बारा पाकळ्या गोळ्यावर एकही सुरकुती न पाडता बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मी सांगत होते. पण आमचं ऐकतंय कोण!"

आणखी चाळीस खुंट्या मारायच्या, तर खोली हवी. धूळ नको, वारा नको, दिवसभर ऊब हवी. अशी खोली एकच होती. तिघांनी एकदम तिकडे पाहिलं आणि एकदमच नजर फिरवली.

चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी कारभार दादाकडे सोपवला होता. तरी रोज सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून यायचे, त्या खोलीत बसायचे आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

"तू सांग," दादा पुटपुटला. "तू लाडकी आहेस."

"मालक तू आहेस."

दार उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे होते.

"तुम्ही दोघं लहानपणापासून कुजबुजता तेसुद्धा ओरडून," ते म्हणाले. "चार वर्षं मीच वाळतोय या खोलीत. खडखडीत झालोय. आता गोळ्यांना वाळू द्या."

चिकटमावशी आधी हसल्या, मग सगळं टेबल हसलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. दादाने हातोडी स्वतःच घेतली, दोनदा अंगठा ठेचून घेतला आणि दोन्ही वेळा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फळ्यावर आकडे मांडले. वाळवण ऐंशी. चिकटवणं मात्र पाच जणी, प्रत्येकी पंधरा, म्हणजे पंचाहत्तर. पाच कमी.

"थोडी घाई केली तर?" दादाने विचारलं.

"घाई केली की विषुववृत्तावर फट राहते," चिकटमावशी म्हणाल्या. "आणि नवीन बाईचा हात बसायला महिना जाईल."

तेवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज झाला. बाबा टेबलाच्या टोकाला येऊन बसले होते, सदऱ्याच्या बाह्या दुमडून.

"मला किती धरलंस?"

तिने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

"करून दाखवा."

पाकळी हवेत असेपर्यंत बाबांची बोटं थरथरत होती, पण ती गोळ्याला टेकली की स्थिर व्हायची. एक, दोन, तीन. मध्ये एकदा त्यांनी लावलेली पाकळी सोडवली आणि पुन्हा बसवली. बारावी बसली तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. चिकटमावशींनी गोल हातात घेऊन सगळ्या सांध्यांवरून नख फिरवलं. काही सापडलं नाही. त्यांनी मान डोलावली.

दादा तिच्या कानाशी आला. "दहा लिही ना. बरं वाटेल त्यांना."

तिने दिवसाचे तास भागून पाहिले आणि फळ्यावर लिहिलं, बाबा सहा. खाली बेरीज केली. एक्याऐंशी.

दादाने बेरीज पाहिली आणि फोनवर झडपच घातली. "हो! घेतोय आम्ही! हो, सगळे चोवीसशे!" त्याचा आवाज मध्येच चिरकला. टेबलावर कुणीतरी डबा वाजवला.

त्या गोंधळात बाबा उठून फळ्याजवळ आले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि आपल्या नावापुढचा आकडा वाचला. बराच वेळ वाचत राहिले. ती हातातला खडू घट्ट धरून उभी होती.

"सहा," ते म्हणाले. "म्हणजे आज अजून पाच."

ते वळले आणि भराभर स्टुलाकडे निघाले. "मावशी, खळ सरकवा इकडे."