बिनपगारी कर्मचारी

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात पावसाळ्यात घरात पाणी शिरतं आणि मार्चपासून टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. म्हणून गावाने सांडपाणी प्रकल्प केला. नाव भारदस्त, काम साधं. घराघरातलं मोरीचं पाणी टाकीत यायचं, गाळ खाली बसायचा, मग ते कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून झिरपून पलीकडे निवळून बाहेर पडायचं. खडीत बारीक जिवाणू असतात, तेच घाण खातात, असं इंजिनिअरने समजावलं होतं. सरपंच कमळाकरशेठनी उद्घाटनाच्या भाषणात त्यांना ‘गावाचे बिनपगारी कर्मचारी’ म्हटलं. टाळ्या मात्र स्वतः घेतल्या.

पाणी बाहेर पडायचं तिथेच खाली त्यांच्या बायकोचा, मैनाचा, जमिनीचा तुकडा होता. बाकीची जमीन शेठनी फार्महाऊसवाल्यांना विकून दारात गाडी उभी केली होती. या तुकड्याच्या कागदावर मात्र मैनाने सही केली नाही. विहीर आटली की तो दर उन्हाळी ओस पडायचा. यंदा एप्रिलात पहिल्यांदाच, या निवळलेल्या पाण्यावर, तिथे भेंडी उभी होती. मैना सकाळी काम नसलं तरी बांधावर जाऊन बसायची. एवढं सुख तिला दारातल्या गाडीने कधी दिलं नव्हतं.

अशात मुलाची, निकेशची, हळद आली.

“अवो, टोपांतला तेल गटारात नका सोडू देऊ,” मैना म्हणाली. “राखेनं पुसा, उरला तो खड्ड्यात पुरा. तुमीच पाटी लावलीय.”

लावली होती खरी. ‘गटारात तेल टाकण्यास सक्त मनाई. हुकुमावरून, सरपंच.’

“पाटी गावासाठी हाय,” शेठ म्हणाले. “सरपंचाच्या घरची हळद, आनि आचाऱ्याला खड्डा खनायला लावू? लोक काय बोलतील?”

लोक काहीच बोलले नाहीत, कारण लोक जेवत होते. पंचक्रोशी लोटली, डीजे दणाणला, मटणाच्या तर्रीत गाव न्हाऊन निघालं आणि आचाऱ्यांनी सगळे टोप नेमके त्या पाटीखाली धुतले.

लग्न उरकेपर्यंत वाफ्यावर तेलाची साय धरली. खडी तुंबली, पाणी बाहेर यायचं थांबलं आणि वासाने मांडवातले पाहुणे न सांगता उठले. स्वच्छ गाव स्पर्धेची समितीही त्याच आठवड्यात यायची होती.

“इंजिनिअरला बोलवा. खडी काढून धुवाय लागंल,” मैना म्हणाली.

शेठनी पनवेलच्या बाजारातून फिनेलचे कॅन आणि ब्लिचिंग पावडरची पोती आणली. घाणीचा बंदोबस्त त्यांना लहानपणापासून असाच ठाऊक होता. सगळं वाफ्यात ओतलं. बिनपगारी कर्मचारी जागच्या जागी गार झाले.

समिती आली. अध्यक्षांनी वाफ्यापाशी उभं राहून दीर्घ श्वास घेतला. “अजिबात दुर्गंधी नाही. एकदम फ्रेश.”

“पण बाहेर पडणारं पाणी दिसत नाही,” समितीतल्या बाई म्हणाल्या.

“सगळा शेतीला जातो, मॅडम. एक थेंब वाया नाय.” शेठनी भेंडीकडे हात केला. जुन्या ओलीवर ती अजून तग धरून होती. मग समितीने मैनाला भेंडीत उभं करून फोटो काढला. हसा म्हणाले. मैनाला रडू येत होतं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले. अहवालात त्याची नोंद ‘समाधानी लाभार्थी’ अशी झाली.

गावाचा पहिला नंबर आला. पनवेलच्या समारंभातून शेठ शाल, सन्मानचिन्ह आणि हारतुऱ्याऐवजी हल्ली देतात तसं आंब्याचं रोप घेऊन घरी परतले. मैना अंगणात होती. वाळलेली भेंडी उपटून तिने भारा बांधून आणला होता, चुलीला तेवढाच उपयोग.

“हा लाव तुज्या शेतात,” शेठनी रोप पुढे केलं.

“पानी कुठला घालू?”

शेठ ओटीवर गेले. तिथे हळदीतल्या उरलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यांतल्या एकीचं सील फोडून त्यांनी ती रोपावर रिकामी केली.

मैनाने भारा चुलीपाशी टाकला. “रोज असाच घाला,” ती म्हणाली. “बिनपगारी होते ते तुमी मारले. आता त्यांचा काम तुमीच करा.”