चौदावी फेरी

व्हर्ना झास्ट्रोने मचाणाच्या फळीवर चार पेन्सिली ओळीने मांडल्या, थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि आज नवरा, मर्ल, शर्यत जिंकला तर आपल्या वाट्याला काय येतं, हे मनातल्या मनात एकदा जुळवून पाहिलं. जिंकला तर हंगामाचा करंडक. करंडकामागून बिअरच्या वितरकाने कबूल केलेली नवी गाडी, दोन हंगामांसाठी. म्हणजे आणखी दोन उन्हाळे शुक्रवारी एक गाव, शनिवारी दुसरं, रविवारी तिसरं. हरला तर काही नाही. हे ‘काही नाही’ तिला तेवीस वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं.

‘काही नाही’ तिने पक्कं करून घेतलं होतं. परवाच्या शुक्रवारी, गुत्त्यात तळलेल्या माशांची ताटं समोर आली तेव्हा मर्ल म्हणाला होता, “रविवारी ऑर्व्हच्या मागे राहिलो तर हेल्मेट कायमचं खुंटीला.” व्हर्नाने ऐकू आलं नाही असं दाखवून त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा गल्ल्यावरच्या माणसानेही ऐकलं. शब्दाला साक्षीदार असलेला बरा.

मर्ल आठवडाभर पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलायचा आणि आठवडाअखेरीला विस्कॉन्सिनच्या गोल रिंगणांतून गाडी पळवायचा. एकशे अकरा शर्यती जिंकला होता. रिंगणातली बाकीची मंडळी जन्मभर डावीकडेच वळली. मर्ल मात्र वर्षातून दोनदा केटल हिलच्या या डोंगरी, चौदा वळणांच्या रस्त्यावर यायचा. लोक हसायचे तेव्हा म्हणायचा, “डावीकडे बैलही वळतो. उजवीकडे वळायला डोकं लागतं.”

गेल्या ऑगस्टमध्ये त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि त्या डोक्याचंच काहीतरी झालं. तेव्हापासून तो कॉफीत दोनदा साखर घालायचा. एकदा गिरणीत रिकामं पोतं हातात धरून उभा राहिला आणि आज वार कोणता, म्हणून विचारू लागला. डॉक्टरला सांगितलं असतं तर परवाना गेला असता, आणि सांगणारी कोण, हेही लपलं नसतं. व्हर्ना गप्प बसली होती.

“सरक जरा,” शेजारी बसत लव्हॉन म्हणाली. मर्लशी चुरस असलेल्या ऑर्व्ह लिंडालची बायको. “ती खाली गुलाबी टोपीवाली दिसते का? माझी सासू. आज ऑर्व्ह जिंकला तर म्हणेल, घराण्यातच आहे. हरला तर म्हणेल, सुनेने नाश्त्याला काय घातलं होतं?”

“काय घातलं होतंस?”

“रात्रीचं उरलेलं.”

मचाणावर वीस-बावीस बायका होत्या. प्रत्येक गाडीने मोजायला आपलं एक माणूस द्यायचं, आणि ते माणूस म्हणजे बायको, हा इथला रिवाज. गाडीने रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडली की समोरच्या मोठ्या घड्याळातली वेळ कागदावरच्या चौकोनात लिहायची. एक चौकोन, एक फेरी. फक्त आपल्या नवऱ्याची गाडी मोजायची नाही. मोजणीप्रमुख ग्लॅडिसबाईंचं म्हणणं असं की आपल्या नवऱ्याची फेरी बायकोला कधी एक जास्त दिसते, कधी एक कमी. म्हणून अकरा वर्षं व्हर्ना ऑर्व्हची सात नंबरची गाडी मोजत होती आणि लव्हॉन मर्लची एक्केचाळीस नंबरची. एकीचं लक्ष उडालं की दुसरी कोपराने ढोसायची. हे नियमात नव्हतं, पण नियमापेक्षा जास्त पाळलं जायचं.

“लव्हॉन, तोंड बंद, डोळे उघडे,” ग्लॅडिसबाई मागून म्हणाल्या.

“बाई, चाळीस वर्षं शाळेतही हेच सांगत होतात का?”

“अडतीस. आणि सगळ्यात जास्त वेळा तुझ्या नवऱ्याला.”

फेऱ्या पंचवीस होत्या, चार-चार मैलांच्या. एक फेरी तीन मिनिटांना थोडी कमी. हंगामाचे गुण असे जमले होते की मर्ल आणि ऑर्व्ह यांच्यात जो पुढे राहील, करंडक त्याचा. सहाव्या फेरीला ऑर्व्ह पुढे होता, अकराव्याला मर्ल, बाराव्याला पुन्हा ऑर्व्ह. तळाच्या वळणावरून दोन गाड्या एकमेकींना चिकटून वर आल्या की लव्हॉन फळीची कड धरायची. व्हर्ना काही धरत नव्हती. तिने आकडे काढले, सुबक, जणू कुणाला पाठवायचं पत्र लिहीत होती.

चौदाव्या फेरीच्या शेवटी मर्ल पेट्रोल घ्यायला आत वळला.

गाड्या पेट्रोलला थांबतात ती पिटची पट्टी रस्त्याला लागूनच होती आणि पांढरी रेघ तिच्यावरूनही गेली होती. मर्लच्या माणसांची जागा रेघेच्या पुढे. म्हणजे थांबण्याआधी त्याची चौदावी फेरी पुरी व्हायची. नव्याने मोजायला बसलेल्या बायका नेमक्या इथे फसतात. नजर रस्त्यावर असते आणि गाडी आतून रेघ ओलांडून जाते. लव्हॉन नवी नव्हती. पण त्याच क्षणी शेवटच्या वळणावर ऑर्व्हची मागची चाकं सुटली. गाडी आडवी झाली, धुळीत गेली आणि मचाणाच्या दिशेने घसरत आली. लव्हॉन उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

ऑर्व्हने गाडी सावरली. रेघेवरून ती वाकडीच गेली, पण गेली. त्याच वेळी, पलीकडच्या पट्टीतून, खिडकीला खिडकी लावून, एक्केचाळीस नंबरही गेला.

व्हर्नाने घड्याळ पाहिलं आणि ऑर्व्हच्या चौदाव्या चौकोनात वेळ लिहिली.

“गेला का?” लव्हॉनने हात खाली घेतले. “अगं, सांग ना, उलटला का?”

“सावरला. बस खाली.”

“आई गं.” लव्हॉन बसली. तिची पेन्सिल फळीवरून घरंगळली होती, ती तिने उचलली. तिच्या कागदावर चौदावा चौकोन कोरा होता. दोघींच्या कोपरांमध्ये वीतभर अंतर असेल. व्हर्नाने थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि लव्हॉनच्या हातात दिली.

“घे. गरम आहे.”

मग मर्ल पेट्रोल घेऊन निघाला, एक फेरी मारून आला, आणि लव्हॉनने ती चौदाव्या चौकोनात लिहिली. दोन फेऱ्यांनी ऑर्व्हही पेट्रोलला थांबला.

शर्यत संपली तेव्हा चौकड्यांचा झेंडा मर्लने आधी पाहिला, ऑर्व्हने त्याच्यामागे चार सेकंदांनी. कागदावर मात्र ऑर्व्हच्या पंचवीस फेऱ्या होत्या आणि मर्लच्या चोवीस. ग्लॅडिसबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“लव्हॉन, ही एक फेरी सात मिनिटांची?”

“पेट्रोल घेतलं ना त्याने.”

“पेट्रोल घेतलं की विहीर खणली?” त्या वळल्या. “व्हर्ना, तू शेजारीच होतीस.”

“मी ऑर्व्हला मोजत होते,” व्हर्ना म्हणाली.

ग्लॅडिसबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागदावरचं कागदावर, असं म्हणून निकाल लावून टाकला. हरकतीला अर्धा तास. हरकत चालकाने स्वतः घ्यायची; त्याच्या माणसांनी काय टिपून ठेवलंय याला त्याच्या सहीशिवाय किंमत नाही.

पाच मिनिटांत व्हर्नाचा भाऊ हार्लन मर्लला घेऊन मचाणाच्या पायऱ्या चढत होता. पिटमध्ये फेऱ्या टिपायचं काम त्याचं.

“दाजी, आपल्या वहीत पंचवीस आहेत! पंचवीस! मी स्वतः खडूने फळ्यावर—”

“ऐकलं.”

“मग सांगा त्यांना! तुम्ही तर पहिले आलात!”

मर्लचा चेहरा धुळीने राखाडी झाला होता, डोळ्यांभोवती तेवढी गोरी वर्तुळं. तो ग्लॅडिसबाईंसमोर उभा राहिला.

“कागद बघू दोन्ही.”

त्यांनी दिले. लव्हॉन एका टोकाला ओठ चावत उभी होती. मर्लने आधी तिचा कागद वाचला, बोट एकेका चौकोनावरून नेत. बोट तेराव्यावर थांबलं, चौदाव्यावर आलं, तिथून पुढे हललं नाही. मग त्याने तो खाली ठेवला आणि व्हर्नाचा उचलला. ऑर्व्हचा चौदावा चौकोन. दोन वाजून एकोणचाळीस मिनिटं चौपन्न सेकंद. प्रत्येक आकडा सुटा, स्वच्छ.

वार विसरणारा माणूस, पण त्याच्या डोक्यातून आजवर एकही फेरी निसटली नव्हती. आतून रेघ ओलांडताना ऑर्व्ह आपल्या शेजारी होता, खिडकीला खिडकी लावून, हे त्याला आठवत असणार; आणि त्या क्षणी रेघेवर नजर असलेलीला आपणही दिसलोच असू, हे कळत असणार. व्हर्ना त्याच्या बोटाकडे बघत राहिली.

त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“दाजी!”

“पेन्सिल आहे का कुणाकडे?”

“मर्ल, अजून वीस मिनिटं आहेत,” ग्लॅडिसबाई हळू म्हणाल्या. “घाई नाही.”

“सही कुठे करायची, बाई?”

त्या म्हणाल्या तिथे त्याने सही केली. लव्हॉनला रडू फुटलं. आनंदाने की कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. मर्लने तिच्या खांद्यावर थोपटलं. “जा. ऑर्व्हला सांग, शेवटचं वळण शिकून घे म्हणावं.”

गाडीपाशी आल्यावर व्हर्ना नेहमीसारखी त्याच्या हातमोज्यांची बटणं सोडायला पुढे झाली. गेल्या ऑगस्टपासून त्याची बोटं आखडायची. मर्लने हात पुढे केले नाहीत. त्याने एकेक बटण स्वतः सोडलं. बराच वेळ लागला.

हेल्मेट खुंटीला गेलं. शब्द साक्षीदारासमोर दिलेला होता, तो त्याने पाळला. हार्लन दोन महिने जेवायला आला नाही. बिअरच्या वितरकाला विजेता हवा होता, मर्लच पाहिजे असा हट्ट नव्हता; नवी गाडी ऑर्व्हला मिळाली, दोन हंगामांसाठी.

पहिला हंगाम ऑर्व्हला बरा गेला. दुसऱ्याच्या जुलैमध्ये, केटल हिलच्या त्याच शेवटच्या वळणावर, चाकं सुटली ती सावरली नाहीत. डावा गुडघा पुन्हा वाकला नाही. लव्हॉन त्या दिवशी मचाणावर होती. त्यानंतर ती वर चढली नाही. ऑर्व्हच्या गोठ्यात चाळीस गाई, आणि गड्याची सुट्टी रविवारी.

पुढच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मर्ल पहाटे उठला, रबरी बूट घेतले आणि म्हणाला, “लिंडालांकडे जातोय. धारा काढायला. येतेस?”

व्हर्नाने इस्त्रीचं निमित्त सांगितलं. दुपारी तो लव्हॉनने भाजून दिलेला ॲपल पाय घेऊन परत आला. चांगला झाला होता. व्हर्नाला तो खाववेना.

दुसऱ्या रविवारी ती त्याच्याआधी उठून कॉफी करून बसली.

“किती दिवस जाणार आहेस?”

मर्लने साखरेचा डबा ओढला, चमचा भरला, मग काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा रिकामा केला.

“दोन हंगाम,” तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. गिरणीत तो पोत्यांचा आकडा सांगायचा, तसंच सांगितलं. एका हंगामाला रविवार बावीस. हे विस्कॉन्सिनमधल्या कुठल्याही चालकाच्या बायकोला झोपेतही सांगता येतं. मर्ल करंडक देऊन बसला होता, ऑर्व्ह गुडघा, आणि लव्हॉनने काय काय दिलं ते लव्हॉनलाच ठाऊक. व्हर्नाने वाचवलेले चव्वेचाळीस रविवार तेवढे द्यायचे होते. पहिला मर्लने एकट्याने भरला होता.

व्हर्ना उठली आणि दाराजवळ दुसरी रबरी बुटांची जोडी शोधू लागली.