डब्यावरचा गणपती

हितेंद्रशेठ मूर्ती बसवत होते तेव्हा मेघना इंजिनाखाली वाकून प्लगच्या तारा तपासत होती. मूर्ती दोन इंचांची, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात तसली. गिरगावातून गुरुजी आले होते. मूर्ती पक्की बसल्यावर त्यांनी तिची दीड दिवसाची प्रतिष्ठापना केली, दक्षिणा घेतली आणि पुढच्या पूजेला गेले. मूर्तीची जागा होती मेघनाने बनवलेल्या डब्याच्या झाकणावर.

"चिकटत नाहीये हा," शेठ वरून म्हणाले.

मेघनाने मान वर न करता दुहेरी चिकटपट्टीचं रीळ त्यांच्या हातात दिलं.

लालबागच्या एका बंद गिरणीच्या आवारात शेठचा गाळा होता. आजोबांच्या वेळेपासून तिथे छोट्या विमानांचे मॅग्नेटो दुरुस्त होत. मॅग्नेटोत एक चुंबक फिरतो आणि त्यातून प्लगला ठिणगी मिळते. बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहतं. एका इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात, एक दगावला तर दुसरा. गुण तेवढाच. दोष असा की ठिणगी कायम ठरावीक क्षणाला पडते, मग विमान चढत असो की तरंगत. मेघनाचा इलेक्ट्रॉनिक डबा मॅग्नेटोच्या जागी बसून ठिणगी देई, आणि इंजिनावरचा भार पाहून तो क्षण बदलत असे. त्यावर तिची चार वर्षं गेली होती.

एका फ्लाइंग क्लबने होकार दिला होता, अट घालून. त्यांच्या शिकाऊ विमानावर उजवीकडे मेघनाचा डबा, डावीकडे जुना मॅग्नेटो. त्याआधी त्यांचे इंजिनिअर अभय नाडकर्णी गाळ्यात येऊन डबा चालताना पाहणार आणि कागदावर सही करणार. दुसरा कुठलाही क्लब विचारायलाही तयार नव्हता.

चाचणीच्या इंजिनावर मात्र डावीकडे मॅग्नेटो नव्हता. तिथे पत्र्याचं झाकण होतं. फोटोत मॅग्नेटो जुनाट दिसतो, असं शेठचं मत होतं. चार वर्षांतला प्रत्येक फोटो त्या मताप्रमाणे निघाला होता, आणि प्रत्येक चाचणीही.

नाडकर्णी अकराला आले. शेठनी नारळ फोडला. मेघनाने बटण दाबलं. इंजिन फिरलं, धापा टाकून थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"ठिणगीच नाही," नाडकर्णी म्हणाले.

रमाकांतकाका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. एक्केचाळीस वर्षं मॅग्नेटो उघडून बंद करणारा माणूस. "माझ्या मॅग्नेटोक कधी नारळ लागलो नाय," ते म्हणाले.

मेघनाने तारा पाहिल्या, बॅटरी पाहिली. मग झाकणाकडे पाहिलं. खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर मूर्तीजवळ नेला. तो टक्‌ करून मूर्तीच्या बुडाला चिकटला.

डबा अ‍ॅल्युमिनियमचा होता, म्हणून चुंबक त्याला चिकटत नव्हता. आणि झाकणाच्या बरोबर खाली तो सेन्सर होता, जो फिरणारे चुंबक मोजून ठिणगीची वेळ ठरवायचा. आता त्याला एकच चुंबक दिसत होता, आणि तो हलतच नव्हता.

"शेठ, मूर्ती काढायला लागेल."

"दीड दिवसाची आहे. उत्तरपूजेशिवाय हलवता येत नाही."

"गुरुजींना फोन करा."

"ते आता वाळकेश्वरला दुसऱ्या प्रतिष्ठापनेत. उचलणार नाहीत."

"एक वाजता मला निघायचंय," नाडकर्णी म्हणाले.

रमाकांतकाका उठले. "आमच्या घरात उत्तरपूजा मीच करतंय. अक्षता आण. दही कोणाकडे हा?"

दही मेघनाच्या जेवणाच्या डब्यातल्या दहीभातात होतं. काकांनी चमच्याने जेवढं निघेल तेवढं निपटून काढलं, दोन शितांसकट मूर्तीच्या हातावर ठेवलं, अक्षता टाकल्या आणि मूर्ती बोटभर उत्तरेला सरकवली. टेप सुटताना फर्रकन आवाज झाला. शेठनी हात जोडले. मेघनाने मूर्ती उचलून दूर टेबलावर ठेवली.

इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पेटलं. शेजारच्या टॉवरमधून लगेच खिडक्या बंद झाल्याचे आवाज आले. गणपतीत तिथे दहा दिवस स्पीकर चालतात.

"बॅटरीची तार सैल होती," इंजिन बंद झाल्यावर शेठ नाडकर्णींना म्हणाले. "बाकी बाप्पाची कृपा."

नाडकर्णींनी पेन काढलं. "तारच ना?" त्यांनी मेघनाला विचारलं.

हो म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात डबा हवेत गेला असता. उजवीकडे डबा, डावीकडे मॅग्नेटो, मधे चार बोटांचं अंतर. आणि मॅग्नेटोत काय असतं ते या गाळ्यात रमाकांतकाकांच्या स्टुलालाही ठाऊक होतं.

"तार नाही," मेघना म्हणाली. "मूर्तीखाली चुंबक आहे. सेन्सर आंधळा झाला."

"मग शेजारी मॅग्नेटो बसवल्यावर?"

"तसं कधी तपासलेलं नाही."

"चार वर्षांत?"

"नाही."

शेठ छताकडे पाहू लागले. नाडकर्णींनी लिहिलं, पेन खिशात ठेवलं. "मॅग्नेटो शेजारी बसवून चालवा. तीन महिन्यांनी येतो. क्लबचे मॅनेजर तोवर थांबतील का, ते मी सांगू शकत नाही."

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "गप्प बसली असतीस तर सही झाली असती."

"झाली असती."

"आणि वर पाटी लिहून लावली असती, इथे चुंबक आणू नये."

"मॅग्नेटोला वाचता येत नाही, शेठ."

शेठनी फोनवर चालू इंजिनाचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, बाप्पा पावला. मग मूर्ती घरी न्यायला हात पुढे केला.

"राहू दे इथेच," मेघना म्हणाली. "मला मोजायचीय."

शेठ रिकाम्या हातांनी घरी गेल्यावर तिने चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र काढलं. काकांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला मॅग्नेटो आणून टेबलावर ठेवला. "परत दी हां. ओरखडो नको." तिने आधी मूर्ती झाकणाच्या जाडीइतक्या अंतरावरून मोजली, मग चार बोटांवर पट्टी धरून मॅग्नेटो. दोन्ही आकडे तिने वहीत एकाखाली एक लिहिले.

"किती इलो?" काकांनी विचारलं.

"तुमचा जास्त आहे. बाप्पाच्या दुप्पट."

काकांनी फडक्याने मॅग्नेटो पुसला.

"हितेंद्राक सांगू नको," ते म्हणाले. "उद्या ह्याकाच हार घालतलो."