दम धरलेली फायनल

"अंबाडेवाला निघाला चढाईला! पालशेतचा गडी, एकटा, समोर तिघं. एकाला चुकवलंन. दुसऱ्याला चुकवलंन. पाय बगा मंडळी, नुसते पाय बगा! राखणदार पुढं आला, आणि..."

"गोल हाय," मागच्या बाकावरून खैरुद्दीन म्हणाला.

माईक गप्प झाला. मेस हॉलच्या भिंतीवर चेंडू जाळीत गेला, पण कोणीच न सांगता गेला.

"तुला काय म्हाईत?" रामचंद्र वळला.

"मला कुठं? तुला म्हाईत हाय. मॅच झाली काल मध्यरातीला. तू दुपारचा कुठंतरी बगून येतोस, आनि आमच्यापुढं शायनिंग मारतोस. शिल्या भाताला फोडनी देतोस नुसती."

हॉल हसला. खैरुद्दीन कंपनीची बस चालवायचा. दाभोळचा माणूस, जीभ तिखट. त्याच्या बोलण्यावर हसायची सगळ्यांना सवयच होती.

"मी बगत नाय," रामचंद्र म्हणाला.

"मग गोल व्हायच्या आधी तुझा आवाज का चढतो?"

आवाज चढत होता, हे खरं होतं. गडी काय करणार हे त्याच्या खांद्यावरून आधी दिसतं आणि मग तोंड थांबत नाही, एवढंच. पण हे भरल्या हॉलमध्ये माईकवर सांगितलं असतं तर अजून हसले असते.

"शिल्यावर कोन पन बोलंल," खैरुद्दीन म्हणाला. "ताज्यावर बोलून दाखव, रामभाव."

आवाज बंद

चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस तिकडे युरोपात रात्री असतात, म्हणजे इथे मध्यरात्रीनंतर. आणि आखातातल्या या डीआयपी औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या अकोमोडेशनमधून फॅक्टरीची बस पहाटे निघते. जागून मॅच बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी मशिनवर उभा राहू शकत नाही. म्हणून इथली मराठी पोरं आणि बाप्ये मॅच बघत ती दुसऱ्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. मिथुन नावाचा बीडचा वेल्डर होता, त्याच्या फोनमध्ये ॲप होतं आणि कोणाकडून तरी मिळालेला एक जुना प्रोजेक्टर होता.

आधी इंग्लिश कॉमेंट्री चालायची. माणूस भराभर बोलायचा आणि गोल झाला की ओरडायचा. मधलं कोणाला काही कळायचं नाही. गेल्या सीझनला एका संध्याकाळी स्पीकरची वायर तुटली. अंधारात चित्र हलत राहिलं, आणि पहिल्या बाकावरून कोणीतरी बोलायला लागलं. रामचंद्र. पन्नाशीचा, काटकुळा, धातूवर रंगाची पूड चढवणाऱ्या पावडर कोटिंगच्या लाइनवरचा. दिवसभर तोंडावर मास्क. त्या मास्कच्या आत माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाच ऐकू येतं. हा इतका बोलू शकतो हे त्याच्या खोलीतल्यांनाही ठाऊक नव्हतं.

वायर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. ती जोडली मात्र कोणी नाही.

गावी हनुमान जयंतीच्या कबड्डी सामन्यांना माईक रामचंद्रकडे असायचा. फुटबॉल त्याला इथेच भेटला, म्हणून त्याने तो आपल्या मैदानात ओढून आणला. ड्रिबलिंग म्हणजे चढाई. टॅकल म्हणजे पकड. गोलकीपर म्हणजे राखणदार. क्लबांची नावं जिभेवर बसेनात, तर लाल शर्टवाले झाले पालशेत, म्हणजे त्याचं स्वतःचं गाव. आणि पांढरे झाले दाभोळ, खाडीपलीकडचं. लालमधला केसांचा अंबाडा बांधणारा गडी झाला अंबाडेवाला. निळे शर्ट वेळणेश्वराला गेले. ऑफसाइड त्याला अजून नीट कळलेलं नव्हतं. त्यावर तो म्हणायचा, "पंचांनी काहीतरी काढलंनी." आणि पुढे जायचा.

एक नियम होता. बघून होईपर्यंत निकाल काढायचा नाही. याला सगळे 'दम धरणं' म्हणायचे. कबड्डीत चढाईला गेलेल्याने दम सोडला की तो बाद. इथे ज्याने निकाल बोलून दम तोडला, त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

बस

"मोबाइल खाली."

"बायकोचा मेसेज आहे."

"वहिनी स्कोअर पाठवतील."

"तिला फुटबॉल काय ते पण माहीत नाही."

"त्याच पाठवतात. आमची म्हणली, टीव्हीवर दाखवत होते, तुमचे लाल हरले का हो?"

"खैरूभाई, रेडिओ बंद करा."

"गानी लागल्यात."

"गाण्यानंतर बातम्या लागतात."

"सुपरवायझर आज सकाळपासून हसत होता. दाभोळ जिंकली वाटतं."

"दम! दम धर रे!"

"हसला तो, मी कुठं? त्याचा दम तुटला."

"तू बोललास. भांडी तुझी."

"खलास! या कंपनीत आता दुसऱ्याच्या हसण्याची पण भांडी घासायची!"

रामचंद्र सगळ्यात पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. कोणी बोलायला लागलं की तोंडातल्या तोंडात कबड्डी कबड्डी म्हणायचा, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येत नसे.

फोन

"सामने झाले?" रामचंद्रने गावी बायकोला, सगुणाला विचारलं. इकडे लीगची बाद फेरी चालू झाली होती आणि गावी हनुमान जयंती होऊन गेली होती.

"झाले की. गर्दी होती यंदा."

"मायकावर कोण?"

"चिपळूणचा आणलानी. दोन वरसं तोच येतो नं."

"बोलतो कसा?"

सगुणाला खोटं बोलता येत नसे. "बोलतो चांगला," ती म्हणाली. "पोरं नाचतात त्याच्या बोलण्यावर."

"बरं हाय मग," तो म्हणाला. "मायक बंद राहण्यापरीस बरं."

फोन ठेवल्यावर तो मेस हॉलमध्ये गेला. हॉल रिकामा होता. टेबलावर माईक होता, त्याच्या जाळीवर कोणीतरी स्वच्छ रुमाल बांधून ठेवला होता. त्याने रुमाल सोडला, परत बांधला. जगात त्याच्याकडे आता एवढा एकच माईक उरला होता.

ताजी

पालशेत फायनलला पोचली. दाभोळही पोचली. आणि बातमी अशी की यंदा फायनल लवकर आहे, इथल्या आठ वाजता, शनिवारी. रविवारी सुट्टी. म्हणजे सबंध सीझनमध्ये पहिल्यांदाच मॅच खेळली जात असतानाच बघायची.

"आली बग ताजी," खैरुद्दीन म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. "आता सांग. अडखळलास, चुकलास, तर मायक खाली. पुढच्या सीझनला वायर जोडू. इंग्लिश ऐकू गुमान."

"आणि नाय चुकलो तर?"

"तर तू बगून येत नव्हतास असं मी मायकावर सांगीन."

"मंजूर," रामचंद्र म्हणाला.

शनिवारी बाकं पुरेनात. पोरं टेबलांवर बसली. शेजारच्या ब्लॉकमध्ये मलबारी मंडळींचा हॉल होता, तिथेही तीच गर्दी. दोन्ही हॉलच्या मधे एक बोळ, दारं समोरासमोर.

पहिला अर्धा तास रामचंद्र असा बोलला की चहा घेऊन आलेला माणूस चहा द्यायचा विसरला. आणि मग शेजारच्या हॉलमधून एकदम आरोळी उठली. बोळ दणाणला.

इकडे भिंतीवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध होता. एक गडी बुटाची नाडी बांधत होता.

"काय झालं?"

"त्यांच्याकडं काहीतरी झालं."

"आवं, ॲप मागं असतंय," मिथुन ओशाळून म्हणाला. "त्यांची केबल हाय. त्यांना आधी दिसतंय. अर्ध्या मिनटाचा फरक."

अर्ध्या मिनिटाने दाभोळचा गोल झाला. रामचंद्रने तो सांगितला, पण तोवर सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

उत्तरार्धात पुन्हा तेच. भिंतीवर पालशेतचा अंबाडेवाला चेंडू घेऊन निघाला आणि तेवढ्यात शेजारून आरोळी. रामचंद्रचा जीव घाईला आला. खांद्याकडे बघायचं राहिलं. "गोल!" तो ओरडला. "पालशेतचा गोल! बरोबरी!"

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

तिकडची माणसं गोल हुकला म्हणून ओरडली होती.

हॉल आडवा पडला हसून. "रामभाऊ, तुमचा गोल खांबानं खाल्ला!" कोणीतरी शिट्टी मारली. रामचंद्रने हसायचा प्रयत्न केला. नंतर खरंच बरोबरी झाली, जादा वेळ झाला. तो बोलत राहिला, पण पत्ता वाचावा तसा. शेजारून काही ऐकू येईल या धास्तीने एक कान बोळात होता.

पेनल्ट्या आल्या, तेव्हा त्याने माईक टेबलावर ठेवला.

"ही पण शिळीच हाय," तो म्हणाला. "अर्ध्या मिनटाची शिळी. जोडा वायर."

हॉल हसायचा थांबला. मिथुनने वायर हातात घेतली, पण जोडली नाही. सगळे खैरुद्दीनकडे बघायला लागले, कारण पैज त्याची होती.

खैरुद्दीन उठला. "मायक उचल," तो म्हणाला. "तुला हरवायचाय मला. पन असा नाय."

आणि तो बोळ ओलांडून समोरच्या दारात गेला. दारं उघडी होती. सगळं इकडे ऐकू येत होतं.

"फैजभाई! थोडा टाइम आवाज नहीं करने का."

"पागल है क्या? फायनल है! पेनल्टी है!"

"मालूम है. हमारा आदमी बोल रहा है. तुम चिल्लाया तो उसका दम टूटता."

"क्या टूटता?"

"दम. सांस. कबड्डी में आदमी सांस रोकता नहीं? वैसा."

तिकडे काहीतरी मल्याळीत बोलणं झालं. हशा झाला. एकाने वाद घातला. मग फैजचा आवाज: "वो माइकवाला चाचा? पूरा सीझन सुना उसको. एक अक्षर समझता नहीं, फिर भी सुनता है. ठीक है, कोई नहीं चिल्लाएगा. मगर हबीबी, आधा मिनट बहुत लंबा होता है."

"होता है," खैरुद्दीन म्हणाला. "हम पूरा दिन रोकता है."

दम

पालशेतचा पहिला आला पाणी प्यायल्यासारखा आला मारलंन खालून डावीकडं राखणदार उजवीकडं गेला सुटला गडी सुटला

बोळ शांत.

दाभोळचा. चेंडू ठेवलंन. परत ठेवलंन. मनात नाय त्याच्या. बगा मान बगा, मान वर नाय. पण मारलंन! गेला!

बोळ शांत. कोणीतरी खोकलं.

रामचंद्र पुन्हा खांदे बघत होता. गडी कुठे मारणार ते सांगत होता आणि गडी तिथेच मारत होते, एकदा अंदाज चुकला, तर "मला फसवलंन, शाब्बास!" म्हणून पुढे गेला. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. टेबलांवरची पोरं खाली उतरून उभी राहिली होती. दोन्ही गावांचे गडी सुटत गेले, पालशेतचा तेवढा एक हुकला. चार-चार मारून झाले तेव्हा दाभोळ एकाने पुढे होती आणि पालशेतचा पाचवा चेंडू अंबाडेवाल्याकडे आला. याने मारला तर खेळ चालू. हुकला तर पालशेत गेली.

तेवढ्यात दारात पायांचा आवाज झाला.

रामचंद्रने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. खैरुद्दीन. त्याच्यामागे फैज, त्याच्यामागे तिकडचे दहाबारा जण, सगळ्यांचे हात तोंडावर. त्यांनी बघितलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. खैरुद्दीनचे गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आनंदाचं की कोंडलेल्या श्वासाचं ते आणखी एका नजरेत कळलं असतं. पांढऱ्यांचं गाव त्याचं होतं.

रामचंद्रने दुसरी नजर टाकली नाही. दाराकडे पाठ केली आणि भिंतीजवळ गेला, इतका की प्रोजेक्टरचं हिरवं मैदान त्याच्या शर्टावर आलं.

"मंडळी, आमच्या गावचा गडी आहे," तो हळू म्हणाला. "सबंध सीझन मी याच्या मागनं पळलो. पण खांदा आज वेगळा आहे. खांदा पडलेला आहे. हा मधे मारणार. आणि राखणदार... राखणदार हलत नाय! बगा त्याला, हलत नाय! उभा आहे! अंबाडेवाला निघाला. मारलंन. मधे!"

आणि मग, एवढ्या वर्षांत मास्कच्या आत राहिलेला सगळा आवाज बाहेर आला.

"पकड! पकड केलीन! राखणदारानं पकड केलीन! पालशेत बाद! दाभोळ! खाडीपलीकडची दाभोळ! मंडळी, दाभोळ!"

तेव्हा दारातल्यांचा दम सुटला. अर्धं मिनिट धरलेला श्वास बोळातून आत शिरला, दोन्ही ब्लॉक एकदम ओरडले, बाकं उलटली. फैजने रामचंद्रला कमरेला धरून उचललं आणि मल्याळीत काहीतरी ओरडत राहिला. दाभोळ, दाभोळ, एवढंच त्याला जमत होतं, आणि तेही तो गोल झाल्यासारखं म्हणत होता. खैरुद्दीनने माईक ओढून घेतला. त्याला बोलायचं होतं ते ठरलेलं होतं. "हा मानूस," तो म्हणाला, "हा मानूस बगून येत नाय." त्याने माईक परत दिला.

भिंतीवर पांढरे शर्टवाले एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग ते रांगेत उभे राहिले. मंचावर कप आणून ठेवला. एका नवख्या पोराला वाटलं की आता तरी आवाज हवा, म्हणून तो वायर जोडायला वाकला.

"राहू दे," कोणीतरी म्हणालं.

रामचंद्रचा घसा पार गेला होता. त्याने खुणेने पाणी मागितलं. बाटली हातोहात पुढे आली. तो बाकाच्या कडेला टेकून सावकाश पाणी प्यायला लागला, आणि तिकडे कप हवेत वर गेला, कागदाचे तुकडे उडाले, हजारो माणसं तोंडं उघडून ओरडत होती आणि त्यांचा आवाज येत नव्हता. दोन ब्लॉकची माणसं ते चित्र बघत उभी होती. त्याचं पाणी पिऊन व्हायची वाट बघत होती.