सोळंक्यांचं दार

शेवटचा स्क्रू सुटला आणि फरशीवर टिण्‌कन पडून चपलांच्या मांडणीखाली घरंगळत गेला. दुपारच्या सामसुमीत तेवढाही आवाज मोठा वाटला. प्रणिताने आत कान दिला. छोटी लेक सायली कूस बदलून पुन्हा झोपली होती. पलीकडच्या खोलीत सासऱ्यांना, हिम्मतरावांना, एकदा खोकल्याची ढास आली आणि थांबली. मग तिने पितळेची पाटी दारावरून अलगद काढली. पाटीमागे दाराचा मूळचा रंग तसाच गडद राहिला होता.

पाटीवर इंग्रजीत सोळंके हे आडनाव, त्यापुढे वरच्या अंगाला एक अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. प्रणिता मलकपेठेतल्या एका शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवायची. वस्तू कुणाच्या मालकीची ते सांगायचं असेल तर हे चिन्ह द्यायचं, नुसत्या एकाहून जास्त वस्तू असतील तर द्यायचं नाही, एवढंच ती आठवडाभर घोकून घेत होती. येता-जाता दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधून आणा, असा अभ्यास तिने दिला, आणि मुलांनी अर्धा बाजार उचलून आणला. टिफिन्स, ज्यूसेस, टेलर्स, चप्पल्स. बाळाच्या गालाला तीट लावावी तशी रंगाऱ्यांनी प्रत्येक एसच्या आधी एकेक लावून ठेवलेली. वर्ग हसला, तीही हसली.

शनिवारी तिच्याच शाळेतली दुसरी शिक्षिका राणी चहाला आली आणि दारातच थबकली.

"सोळंक्यांचं काय गं? खिडकी, खुर्ची, मांजर? वाक्य तरी पुरं कर, टीचर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

दोघी हसल्या, पण प्रणिताला ते लागलं. त्याच संध्याकाळी तिने मोबाइलवरून नवी पाटी मागवली. पांढरी, अ‍ॅक्रिलिकची, त्यावर बिनचूक 'द सोळंकेज'.

जुन्या पाटीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. हिम्मतराव परभणीकडच्या शेतकरी घरातले, सारी नोकरी हैदराबादला वीज कचेरीत काढलेली. हा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीसाठी अफझलगंजातून भांडी आणली. पंगतीत भांडी इकडची तिकडे होऊ नयेत म्हणून त्यांवर नाव घालायची रीत. नाव घालणाऱ्याने हातोडी-छिन्नीने पातेली, ताटं, तांब्ये पुरे केले, आणि त्याच बैठकीत हिम्मतरावांनी पितळेचा पत्रा त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "साब, एसके पैले एक टिकली मार देतूं. बिना टिकलीके अंग्रेजी अच्छा नई दिखता." आणि टिकली अशी हाणली की पत्र्याला जवळजवळ भोकच पडलं. बोटाचं टोक बसावं एवढा खळगा. सासूबाई, कुसुमताई, होत्या तोवर आल्यागेल्याला ही गोष्ट त्या माणसाच्या आवाजासकट सांगायच्या.

त्या गेल्या आणि हिम्मतरावांचं हळूहळू निसटायला लागलं. वरणात दोनदा मीठ पडायचं. सायलीला ते आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि संभाळा म्हणाले. प्रणिताच्या नवऱ्याचं, अभिजीतचं, म्हणणं, अण्णांचं एकट्याने फिरायला जाणं बंद करावं. प्रणिता आडवी आली. संध्याकाळी रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं, दिवसातला तेवढाच वेळ त्यांना कुणी गोळी घेतली का म्हणून विचारत नव्हतं. शिवाय ते रोज बरोबर परत येत होते. सगळे मजले सारखे, सगळी दारं एकाच तपकिरी रंगाची, जिन्यातला दिवा कधी लागे कधी नाही, तरी त्यांचं दार कधी चुकलं नाही. अखेर नवरा-बायकोत ठरलं होतं की ज्या दिवशी चुकतील त्या दिवसापासून बंद.

बेल वाजली की ती दार उघडायची, तेव्हा त्यांचा उजवा हात पाटीवर टेकलेला असायचा. जिना चढून दम लागतो, म्हणून टेकत असतील, असं ती धरून चालली होती.

नवी पाटी तिने आधी त्यांना दाखवली होती. न विचारता काही बदलायचं नाही, एवढं तिला कळत होतं. त्यांनी ती हातात घेतली, अंगठा फिरवला.

"गुळगुळीत आहे."

"आवडली नाही का, अण्णा?"

ते पाटी उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "तिथंच लावणार ना?"

"हो, त्याच जागी."

"मग बरं. तू शिकवतीस, तुला जास्त कळतं."

त्या दुपारी तिने पाटी लावली, लांब उभी राहून तिरपी नाही ना पाहिलं आणि राणीला फोटो पाठवला. उन्हं उतरल्यावर हिम्मतराव नेहमीसारखे फिरायला गेले. जाताना दार मागे ओढून घेतलं, पाटीकडे पाहिलं नाही.

दिवेलागण झाली. भात उतरला. सायलीने दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा प्रणिता स्वतः चप्पल अडकवून खाली गेली. वॉचमन म्हणाला, "सर तो कबके ऊपर गए, मॅडम." सायलीला शेजारी सोडून ती वरचे मजले चढायला लागली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर हिम्मतराव एका बंद दारापुढे उभे होते. चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवलेल्या. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांचा हात दारावरून सावकाश फिरत होता. लाकूड, कडी, नावाची पाटी. पाटीवर बोटं थांबली, काहीतरी शोधलं, सापडलं नाही. बेल न वाजवता ते पुढच्या दाराशी गेले आणि तिथेही तेच. प्रणिता जिन्यातच थांबली. रोज पाटीवर दिसणारा तो हात दम खात नव्हता. त्या खळग्यावरूनच ते घर ओळखत होते, कधीपासून ते त्यांनाच ठाऊक, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

"अण्णा."

ते वळले. तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"सोळंक्यांचं घर हितंच कुठंतरी आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, ताई?"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "चला, दाखवते."

तिने त्यांच्या चपला उचलल्या. त्यांना ते बरं वाटलं नाही, परक्या बाईला कशाला त्रास, म्हणून ते प्रत्येक पायरीला संकोचत राहिले.

अभिजीत नुकताच घरी आला होता. शेजारून सायलीही आली होती. त्याने वडिलांकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. हिम्मतराव कोचाच्या कडेवर टेकले, पाहुणा टेकतो तसे. प्रणिताने फ्रिजवर ठेवलेली पितळेची पाटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. बोट सरळ खळग्यात जाऊन थांबलं. कपाळावरची आठी गेली. तिला वाटलं, झालं. उद्या पुन्हा लावू, सगळं होतं तसं होईल.

"आमची आहे ही," ते म्हणाले. "अफझलगंजात करून घेतलेली. तुमच्याकडं कशी आली?"

अभिजीत उठला आणि दाराची वरची कडी लावून आला. ती कडी आजवर फक्त गावाला जाताना लागत असे.

हिम्मतराव पाणी प्यायले, त्यांनी पेल्याची कड धोतराच्या सोग्याने पुसली आणि पेला बाजूला ठेवला. पाटी काखेत धरून ते उठले.

"निघतो आता. घरी वाट बघत असतील."

"जेवून जा, अण्णा," प्रणिता म्हणाली. पानं वाढलीच आहेत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. ते पुन्हा कडेवर बसले.

सायली इतका वेळ आईच्या गुडघ्याला रेलून आजोबांकडे एकटक पाहत होती. तिने आईचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं आणि कुजबुजत, पण सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, अण्णांच्या त्या घरात आपण पण राहतो का?"